सह्याद्रीतले घाट: गाडीने पोचा, पण जोडीचा एक घाट पायाने उतरा

प्रश्न थोडक्यात असा आहे की चौघांचा ग्रुप आहे, दोघं पुण्यात राहतात दोघं कल्याणला, हाताशी दोन बाइक आणि एक कार, पाऊस ओसरताना सह्याद्रीतले घाट बघायचेत, तर बाइकने फिरायचं, गाडीने की चालत, आणि सुरुवात कुठून करायची.

थेट उत्तर आधी देतो. घाट जोडीने बघा. जिथे डांबरी घाट आहे त्याच्या आसपास जुनी पायी घाटवाट असतेच, बऱ्याचदा एक सोडून तीन-चार असतात. एक दिवस गाडीने, एक दिवस पायी, आणि दोन्ही एकाच भागातले. नुसत्या गाडीने गेलात तर व्ह्यू पॉइंटला थांबणं, कांदाभजी, फोटो आणि परत, एवढंच पदरात पडतं. नुसतं पायी गेलात तर त्या दरीपलीकडे काय आहे, ही वाट मुळात कुठून कुठे जात होती, हे कळत नाही. मी कितीतरी वर्षं हे दोन्ही करतोय, आणि घाट खरा समजतो तो सकाळी कोकणातल्या गावातून निघून दुपारी माथ्यावरच्या गावात जेवायला बसल्यावर, हे मी अगदी छातीठोकपणे सांगेन.

आता हे असं का, ते जरा समजून घ्या कारण त्याने पुढचं सगळं सोपं होतं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थर, आणि ते जवळजवळ आडवे आहेत. कठीण थर आला की तिथे उभा कातळकडा, त्याच्या खालचा मऊ थर झिजला की तिथे सपाटी, तिला आपण पदर म्हणतो. म्हणून कोकणातून वर बघितलं की कडा, पदर, परत कडा असं दिसतं. पूर्वेला म्हणजे देशाकडे उतार एकदम सौम्य, पश्चिमेला मात्र पाच-सात किलोमीटरच्या आत ६००-७०० मीटरची चढण. जुन्या लोकांनी वाट काढताना एखादी सोंड धरून पदर गाठला, पदरावरून आडवं जाऊन कड्यातली नाळ, म्हणजे अरुंद उभी घळ, नाहीतर खिंड शोधली, तिथे पायऱ्या खोदल्या की झाला घाट. मोटारीला हे जमत नाही, तिला हलका चढ लागतो, म्हणून डांबरी रस्ता दरीच्या कडेकडेने वळणं घेत लांबून जातो. तुम्ही डांबरी घाटात थांबून समोरच्या कड्यात जरा निरखून बघितलं की पायवाट कुठून वर येत असेल हे ओळखता येतं, आणि एकदा हे डोळ्यांना जमायला लागलं की कुठलाच घाट कंटाळवाणा वाटत नाही बघा.

सुरुवात माळशेज आणि नाणेघाट या जोडीपासून करा, आणि तुमचा ग्रुप पुणे-कल्याण असा वाटलेला आहे म्हणून तर नक्कीच. पायी घाटवाटा करणाऱ्यांची कायमची अडचण म्हणजे गाडी माथ्यावर राहते आणि आपण कोकणात. त्यावर जुना उपाय आहे चाव्यांची अदलाबदल. पुण्याचे दोघं कार घेऊन जुन्नरमार्गे घाटघरला, म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावर या, गाडी थेट वरपर्यंत जाते. कल्याणचे दोघं बाइक घेऊन मुरबाड, टोकावडे करत वैशाखऱ्याच्या पुढे, रस्त्यालाच नाणेघाटाची पाटी आहे तिथे या. हेल्मेट बाइकलाच लॉक करून ठेवा. सकाळी दोन्ही जोड्या चालायला लागा, एक वर एक खाली, जिथे भेट होईल तिथे डबे खा, चाव्या बदला आणि आपापल्या दिशेने पुढे जा. खाली पोचलेले पुण्याचे दोघं एकेक बाइक घेऊन माळशेज चढून जुन्नरला येतील, वर पोचलेले कल्याणकर कार घेऊन जुन्नरला येतील, मुक्काम तिथेच. अर्थात दोघांकडेही बाइकचं लायसन्स हवं आणि वर जाणाऱ्यातल्या एकाला कार चालवता यायला हवी हे आधी बघून घ्या, आणि भेटल्याशिवाय कोणीही पुढे जायचं नाही हे पक्कं ठरवा कारण मधे रेंज मिळेलच असं नाही.

नाणेघाटाबद्दल जरा जास्त लिहितो कारण तो नुसता सुंदर नाही, तो आपल्या सगळ्या घाटांमधला सगळ्यात बोलका आहे. सोपारा, कल्याणच्या बंदरात उतरलेला माल जुन्नरला आणि पुढे पार पैठणपर्यंत, म्हणजे सातवाहनांच्या राजधानीपर्यंत, या वाटेने जायचा. माथ्याच्या खिंडीच्या थोडं खाली कातळात खोदलेली मोठी खोली आहे, तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख आहे, साधारण २००० वर्षांपूर्वीचा. त्यात कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी दिली याची यादी आहे, आकड्यांसकट, आणि आपल्याकडे लिहून ठेवलेल्या जुन्यात जुन्या आकड्यांमधे ते धरले जातात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा एवढंच राहिलंय. खिंडीतून वर आलात की मोठा दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकायचे असं सांगतात. बाजूला जीवधन किल्ला या वाटेवर पहारा ठेवून उभा आहे. लोक पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला कारने वरपर्यंत येतात, कोकणातून येणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी परत वर फेकतो तो, तो खरंच बघण्यासारखा आहे, पण त्यातले कितीतरी जण १० मिनिटं खाली उतरून हा लेख बघत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

चढायला साधारण तीन तास धरा, उतरायला दोन-अडीच. खालचा अर्धा भाग जंगलातून आहे, वरचा भाग मोठमोठ्या दगडी पायऱ्यांचा. सप्टेंबर अखेरपर्यंत त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि उतरताना घसरायला होतं, म्हणून चौघांत ज्याचे गुडघे कमकुवत असतील त्याला चढणाऱ्या जोडीत टाका.

वेळेचा एक मुद्दा सांगतो जो पुस्तकी वाटेल पण उन्हात फार कामाचा आहे. ही सगळी भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी दहा-साडेदहापर्यंत ती तिच्याच सावलीत असते. कोकणातून साडेसहाला चालायला सुरुवात केलीत तर जवळजवळ अख्खा चढ सावलीतून होतो. तोच चढ दुपारी दोनला सुरू केलात तर ऊन थेट कड्यावर, कातळ तापलेला, वरून कोकणातला दमटपणा, माणूस तासाभरात गळून जातो. ऑक्टोबरात उष्माघाताने लोक आजारी पडतात ते असेच, उशिरा निघाल्यामुळे. पाणी माणशी तीन लिटर, त्यात मीठ-साखर किंवा इलेक्ट्रॉलची पुडी. ओढ्यांवर भरवसा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ठीक आहे, नंतर गावात विचारल्याशिवाय नाही.

पुण्याच्या बाजूने दुसरी जोडी घ्यायची तर वरंध घाट आणि मढे-उपांड्या. भोरहून महाडला उतरणारा वरंध मला रस्त्याने जाण्यासाठी सगळ्यात आवडतो. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या काठाकाठाने रस्ता कितीतरी वेळ जातो आणि मग एकदम कोकण उघडतं. माथ्यावरच कावळ्या किल्ला आहे, रस्ता त्याच किल्ल्याच्या डोंगराला फोडून काढलाय, वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या आहेत तिथे चहा घ्या आणि खाली उतरून शिवथरघळ बघून या. पण हा घाट दरडींचा आहे, पावसाळ्यात जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच बंद करतात, निघायच्या आदल्या दिवशी भोर किंवा महाडमधे कोणाला तरी फोन करून विचारा. मॅपवर रस्ता निळा दिसतो म्हणजे चालू आहे असं समजू नका.

पायी जायला वेल्ह्याच्या पुढे केळद गाव. तिथून उपांड्याने खाली कर्णवडीला उतरायचं आणि मढे घाटाने वर परत केळदला यायचं, म्हणजे गाडीचा प्रश्नच येत नाही. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला याच मढे घाटाने नेला असं इकडची माणसं सांगतात, आणि ती वाट चालताना हे मनात असतंच. उपांड्या छोटा आहे, आजही खालच्या वाडीतली माणसं बाजाराला याने वर येतात. तुम्ही धापा टाकत बसलेले असता आणि एखादी आजी डोक्यावर ओझं घेऊन "दमला काय पोरांनो" म्हणत पुढे निघून जाते. तिच्याशी बोला. वाट कुठे मोडलीये, पाणी कुठे आहे, पुढच्या ओढ्याला उतार कसा आहे हे तिच्याइतकं कुठलंच अ‍ॅप सांगणार नाही. मढे घाटाचा धबधबा मात्र पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी टाळा, गर्दी भयंकर असते, आणि प्रशासन अशा धबधब्यांच्या जागी बंदीचे आदेशही काढतं, ते पाळा, कड्याच्या टोकाला जाऊन दर वर्षी माणसांचे जीव जातात हो.

बोरघाटाची जोडी सगळ्यांना माहिती असून कोणी करत नाही. खंडाळ्याचा गाडीरस्ता १८३० साली झाला, रेल्वे १८६३ साली चढली, आणि त्याच्या शेजारी लोणावळ्याहून कुरवंडे गावातून नागफणीच्या बाजूने उतरणारी वाट त्याच्याही कितीतरी आधीची. मोगल सरदार कारतलबखान फौज घेऊन याच कुरवंडे घाटाने उतरला आणि फेब्रुवारी १६६१ मधे उंबरखिंडीत महाराजांनी त्याला कोंडला. तुम्ही स्वतः ती वाट उतरून खाली चावणीच्या खोऱ्यात उभे राहिलात की वर बघून पटकन समजतं, एवढ्या मोठ्या फौजेला तिथे मागेही फिरता येणार नाही आणि पुढेही जाता येणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, उतरायला सोपं. बाइकने बोरघाट करणार असाल तर एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या हायवेने शिंग्रोबाच्या देवळावरून उतरा. इंग्रजांना घाटाची वाट शिंग्रोबा धनगराने दाखवली असं सांगतात, येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जातात.

बाकी जोड्या पटकन सांगतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी आणि त्याच्या पोटातला पार घाट, प्रतापगडासकट. ताम्हिणी आणि अंधारबनाची वाट, पिंपरीहून भिऱ्यापर्यंत, ती वनखात्याच्या ताब्यात आहे, चालू-बंदची चौकशी करून जा. कोल्हापूरकडे गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन डांबरी घाट उतरतात, एकाने खाली जाऊन दुसऱ्याने वर यायचं, बाइकवाल्यांना याच्यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही, वर गगनगड आहेच. खेडहून वर चढणारा रघुवीर घाट पलीकडे कांदाटी खोऱ्यात जाऊन कोयनेच्या पाण्याशी संपतो, तो फार देखणा आहे आणि पावसात फार ढासळतो, दिवाळीनंतर जा. आंबोली, चोर्ला यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी वेगळं काही सांगत नाही.

काय करू नका तेही सांगतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, लिंगाण्याकडची बोराट्याची नाळ, भीमाशंकरचा शिडी घाट, हे व्हिडिओत बघून पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका. नाळ म्हणजे वरच्या दगडांची खाली यायची वाट, तिथे पुढच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याच्या डोक्यात येतो. अनुभवी माणूस सोबत, हेल्मेट, दोर, आणि कोरडा ऋतू, यातलं एक जरी नसेल तर जाऊ नये. भीमाशंकरला जायचंच असेल तर खांडसहून गणेश घाटाने जा, लांब आहे पण सुरक्षित आहे.

आता गाडी चालवण्याबद्दल. घाट चढणं कोणालाही जमतं, माणूस ओळखू येतो तो उतरताना. ज्या गियरमधे तो उतार चढला असता त्याच गियरमधे उतरायचं, बहुतेक वेळा दुसरा. न्यूट्रल नाही, इंजिन बंद तर अजिबात नाही, पेट्रोल वाचवायला म्हणून अजूनही लोक करतात हे. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि एका क्षणी नुसता आत जातो, वेग कमी होतच नाही. जळका वास आला की लगेच सुरक्षित जागी थांबा, १५-२० मिनिटं, वरून पाणी ओतू नका. स्कूटरवर कमी वेगाला इंजिनचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही, म्हणून स्कूटरवाल्यांनी मधे थांबत उतरावं. सायकलवाल्यांनी पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून, रिमब्रेक असेल तर रिमला हात लावून बघा किती तापतो ते.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, पण आपल्याकडे उतरणारे दादागिरी करतात, तुम्ही करू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न आणि आपली डावी बाजू. एसटीला वळणावर जास्त जागा लागते हे लक्षात ठेवून आधीच मागे थांबा, ड्रायव्हर हात करून पुढे बोलावतो. धुक्यात अप्पर लावलात तर पांढरी भिंतच दिसते, डिपर ठेवा, डावीकडची पांढरी पट्टी धरून चाला, आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. रात्रभर पाऊस झाला असेल तर सकाळी रस्त्यावर ताजे फुटलेले दगड, लाल मातीची ओघळ दिसते का बघा, दिसली तर तिथे फोटोला थांबायचं नाही, निघायचं. सावलीतल्या वळणावर शेवाळ आणि ट्रकचं सांडलेलं ऑइल, दोन्ही बाइकला झोपवतात. आणि माकडांना खायला घालू नका, त्यामुळे ती रस्त्यावर येऊन बसतात आणि चिरडली जातात.

ऋतूचं म्हणाल तर जुलैमधे गाडीने जरूर फिरा पण पायी घाटवाट नको. सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर सगळ्यात छान, रानफुलं, ओढ्यांना पाणी, हवा स्वच्छ. तेव्हा गवत कमरेइतकं असतं आणि वाट लपते, हीच काय ती अडचण. डिसेंबर-जानेवारीत वाट स्पष्ट पण वाळलेल्या गवतावर आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांवर, पाय सरकतो, चांगल्या ग्रिपचे बूट हवेत. मार्चनंतर कोकणातून चढू नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यांच्याखाली आरडाओरडा, धूर, भडक परफ्यूम काही नको. ती उठली तर पळायला जागा नसते.

वाटाड्या घ्या. गावातला माणूस दिवसभर स्वतःचं काम सोडून तुमच्याबरोबर येतो, पैसे आधी ठरवा आणि घासाघीस न करता द्या, जेवणही त्याच्याच घरी सांगा. घाटमाथ्यावरच्या वाड्यांमधे पावसाळ्यानंतर हाताला काम कमी असतं, तुमचे हजार-दीड हजार रुपये तिथे खरंच उपयोगी पडतात. आपला प्लास्टिकचा कचरा सॅकमधे परत आणायचा, केळदला काय, घाटघरला काय, तिथे कचरा उचलायला कोणी येत नाही.

तेव्हा तुमचा पहिला शनिवार-रविवार असा ठेवा. शनिवारी नाणेघाट चाव्या बदलून, रात्री जुन्नर. रविवारी सकाळी लवकर लेण्याद्री बघा, मग आपापल्या गाड्या परत घेऊन कल्याणकर माळशेज उतरतील, पिंपळगाव जोगा धरणापाशी थांबायला विसरू नका, आणि पुणेकर नारायणगावमार्गे घरी. शुक्रवारी रात्री मोठा पाऊस लागला तर शनिवारची चाल रद्द करा. कल्याणच्या दोघांनी मग बाइक घेऊन माळशेजलाही जाऊ नये, पुढच्या आठवड्यावर ढकलावं. पुण्याचे दोघं मात्र पाऊस थांबल्यावर कारने घाटघरपर्यंत येऊन खिंडीतला लेख बघून जाऊ शकतात, फक्त शेवटच्या पायऱ्या बघून उतरा.